चाक आणि पाना : गिअरबॉक्सची घरघर

दसऱ्याला गाड्यांना घातलेल्या झेंडूच्या माळा एव्हाना सुकल्या असतील. त्या काढताना टायरची हवाही बघून घ्या. थंडी पडली की ती उतरते.

या वेळचा प्रश्न एका वाचक ताईंनी पाठवला आहे. तो असा:

"आमच्या मुलाने पैसे साठवून १९९६ ची फोर्ड रेंजर घेतली. पाच गिअरची, मॅन्युअल. शनिवार-रविवारी तो ती घेऊन लोकांच्या बागांची कामं करतो. त्यातून कॉलेजच्या पुस्तकांचा खर्च निघतो. गेला महिनाभर खालून घरघर असा आवाज येतोय. गॅरेजवाले म्हणाले, ट्रान्समिशन गेलं, पूर्ण बदला. त्यांनी सांगितलेली रक्कम ट्रकच्या किमतीपेक्षा जास्त आहे. हे म्हणतात, भंगारात काढ. मुलगा म्हणतो, मी स्वतः उघडतो. दोन आठवडे बाप-लेकात अबोला आहे. काय करावं?"

ताई, अबोल्यावर माझ्याकडे औषध नाही. घरघरीवर मात्र थोडंफार आहे. 'ट्रान्समिशन गेलं' हे काही निदान नव्हे. खोकला येतो म्हणून डॉक्टर 'छाती बदला' असं सांगत नाहीत. खोकला कधी येतो, कोरडा की ओला, असं आधी विचारतात. गिअरबॉक्सलाही हेच प्रश्न विचारायचे, आणि त्यासाठी एकही बोल्ट सैल करावा लागत नाही. रिकामा रस्ता, वही-पेन्सिल आणि दोन माणसं पुरतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने लिहायचं. दुसरा माणूस कोण असावा ते तुम्ही ठरवा.

आत काय फिरतं?

चाचण्या कळण्यासाठी आतलं चित्र डोळ्यांसमोर हवं. इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्सच्या पहिल्या दांड्यावर येते. हा इनपुट शाफ्ट. त्याच्या खाली समांतर दुसरा दांडा असतो, काउंटरशाफ्ट. आपल्याकडचे जुने मिस्त्री त्याला लेशाफ्ट म्हणायचे. तिसरा मेनशाफ्ट. तो इनपुट शाफ्टच्या रेषेतच मागे असतो आणि ताकद मागच्या चाकांकडे पाठवतो.

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या गिअरमध्ये ताकद इनपुटवरून खाली काउंटरशाफ्टवर उतरते आणि तिथून वर मेनशाफ्टवर येते. चौथ्यात मात्र इनपुट आणि मेनशाफ्ट एकमेकांना थेट जोडले जातात. काउंटरशाफ्ट तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. हा चौथा गिअर लक्षात ठेवा. पुढे तोच आपला साक्षीदार आहे.

गिअरचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण दांडी हलवतो तेव्हा एक कॉलर सरकून हवा तो गिअर मेनशाफ्टला पक्का करते. त्याआधी दोघांचा वेग सारखा करण्याचं काम सिंक्रोनायझरच्या रिंगा करतात. जुन्या गिअरबॉक्समध्ये या रिंगा बहुधा पितळी असतात.

आधी कान, मग पाना

पहिली चाचणी जागेवरच करायची. सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लचवरचा पाय काढा आणि ऐका. घरघर येते? आता क्लच पूर्ण दाबा. इनपुट शाफ्ट थांबतो आणि त्याबरोबर काउंटरशाफ्टही थांबतो. आवाज बंद झाला तर आजार गिअरबॉक्सच्या आत आहे, बहुतेक वेळा इनपुट किंवा काउंटरशाफ्टच्या बेअरिंगमध्ये.

याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर गिअरबॉक्स बहुधा निर्दोष आहे. पेडल थोडं दाबताच चिरचिर सुरू झाली आणि दाब वाढवला की ती बदलली, तर क्लचचं रिलीज बेअरिंग तपासा. पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला आणि गाडी उभी असतानाच कुईं असा आवाज आला, तर पायलट बेअरिंगवर संशय घ्या. इंजिनच्या शेवटाला बसवलेलं हे छोटंसं बेअरिंग इनपुट शाफ्टचं टोक धरून ठेवतं. दोन्ही भाग तुलनेने स्वस्त आहेत. पण दोन्हींसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, त्यामुळे मजुरी चुकत नाही. रेंजरमध्ये क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडरही आतच, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. एकदा उतरवलं की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, सिलिंडर आणि पायलट बेअरिंग एकदमच बदलून घ्यावं. तीच मजुरी दोनदा कशाला द्यायची?

एक खुलासा करतो. न्यूट्रलमध्ये मंद खुळखुळ येणं आणि क्लच दाबल्यावर ती थांबणं, हे बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत नेहमीचं असतं. इंजिनच्या ठोक्यांनी सैल गिअर एकमेकांवर हलके आपटतात. खुळखुळ वर्षानुवर्षं तशीच असेल तर तिच्या मागे लागू नका. ती अलीकडे वाढली असेल, किंवा खुळखुळीची घरघर झाली असेल, तरच काळजी करा.

दुसरी चाचणी रस्त्यावरची. प्रत्येक गिअरमध्ये थोडं थोडं चालवा आणि वहीत लिहा: कोणत्या गिअरमध्ये आवाज आहे, ॲक्सिलरेटर दाबल्यावर किती, सोडल्यावर किती.

पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा ओरडतात आणि चौथ्यात एकदम शांतता? मग साक्षीदार बोलला. दोष काउंटरशाफ्टच्या बेअरिंगमध्ये आहे, किंवा इनपुट आणि मेनशाफ्टच्या सांध्यातल्या बेअरिंगमध्ये. चौथ्यात ही दोन्ही भारातून सुटतात.

फक्त एकाच गिअरमध्ये आवाज? मग त्या गिअरचे दाते झिजले किंवा तुटले असावेत. रिव्हर्समधल्या रडक्या सुराला मात्र घाबरू नका. पुष्कळ जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात, बाकीचे तिरके. सरळ दाते आवाज करतातच.

सगळ्याच गिअरमध्ये सारखा आवाज, पण जागेवर न्यूट्रलमध्ये काहीच नाही? मग तिसरी चाचणी करा. मागेपुढे कोणी नाही असं बघून वेग घ्या, न्यूट्रल करा आणि गाडी नुसती घरंगळू द्या. इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकही जड होतात. आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर कमी होत गेला, तर गिअरबॉक्सच्या मागेही पाहा: प्रॉपेलर शाफ्टचे सांधे, मागचा डिफरन्शियल, चाकांची बेअरिंग. टायर वेडेवाकडे झिजले तरी अगदी बेअरिंगसारखी घरघर येते. रस्त्याचा पोत बदलताच आवाजही बदलत असेल तर दोष टायरचा. चाकाच्या बेअरिंगसाठी गिअरबॉक्स बदलला, तर पैसे जातील आणि घरघर तिथेच राहील.

चौथी चाचणी गिअर टाकतानाच्या करकरीची. गाडी उभी असताना, क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स करकरतो का? तर क्लच पूर्ण सुटत नाही. पाइपात हवा गेली असेल किंवा सिलिंडर गळत असेल. चालत्या गाडीत फक्त तिसरा टाकतानाच करकरतो? तर तिसऱ्याची सिंक्रोनायझर रिंग झिजली.

याची खात्री करण्याची युक्ती आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी एसटीत ड्रायव्हरच्या मागे बसून पाहिली आहे: डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, खालचा गिअर टाकायचा असेल तर ॲक्सिलरेटरला हलकासा टोला, पुन्हा क्लच, मग गिअर. सिंक्रोनायझरचं काम ड्रायव्हरचे पाय करायचे. असं केल्यावर गिअर मुकाट्याने पडला, तर दोष रिंगेचाच. आणि एक आनंदाची गोष्ट: एकाच गिअरची रिंग झिजली असेल तर डबल क्लच करत तोच गिअरबॉक्स पुढे बरेच दिवस वापरता येतो. मुलांनो, आजोबांना विचारा, ते गिअरची दांडी हातात असल्यासारखं करून दाखवतील.

तेल पाहिलं का?

ताईंच्या पत्रात तेलाचा उल्लेख नाही. गॅरेजवाल्यांनी ते पाहिलं का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

१९८८ पासूनच्या मॅन्युअल रेंजरमध्ये जो पाच गिअरचा बॉक्स आला, तो माझदाने बनवलेला. त्यात तीन लिटरपेक्षाही कमी तेल मावतं. त्याच्या वरच्या झाकणाच्या मागच्या बाजूला, गिअर सरकवणाऱ्या दांड्यांच्या भोकांवर, तीन रबरी बुचं बसवलेली असतात. रबर ते रबरच. वीस-पंचवीस वर्षांच्या उष्णतेने ते कडक होतं, आक्रसतं आणि गळायला लागतं. चालत्या गाडीत आतलं तेल उडतं आणि थेंब थेंब बाहेर येतं. ते गिअरबॉक्सच्या पाठीवरून ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे ड्राइव्हवेवर डबकं दिसेलच असं नाही. मालकाला वाटतं गळती नाही, आणि आत बेअरिंग कोरडी पडत जातात. इंजिनसारखी तेलाची कांडीही या बॉक्सला नाही, म्हणून कोणी पातळी पाहतही नाही.

तपासणं सोपं आहे. ट्रक सपाट जागी हवा. चारही बाजू उचलायच्या तर चारही सारख्या उचलायच्या, नाहीतर पातळी खोटी दिसते. बॉक्सच्या बाजूला तेल भरायचं बूच असतं. ते काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलेलं असलं पाहिजे. करंगळी आत वाकवून पाहा. बोट कोरडं निघालं तर बरंच काही उलगडलं.

तेल बदलायचं असेल तर एक नियम पाळा: आधी भरायचं बूच सैल होतं का ते बघा, मगच खालचं सोडायचं बूच काढा. खालून सगळं तेल सोडलं आणि वरचं बूच गंजून बसलेलं निघालं, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

निघालेलं तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घ्या आणि उन्हात बघा. चुंबकाला चिकटलेला करडा, लोण्यासारखा मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज. तेलात सोनेरी चकाकी दिसली तर पितळी रिंगा झिजल्या. बोटांना टोचणारे पोलादाचे तुकडे किंवा पापुद्रे निघाले, तर बेअरिंग किंवा दाते तुटताहेत. मग गाडी चालवू नका. आतलं काही अडकून बसलं तर धावत्या गाडीची मागची चाकं जाम होऊ शकतात.

कोणतं तेल? तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. १९९६ च्या या बॉक्सला मर्कॉन प्रतीचं लाल, पातळ, ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल सांगितलं आहे. गिअरबॉक्स आहे म्हणजे दाट गिअर ऑइलच हवं, असा समज पुष्कळांचा असतो, आणि आवाज दाबायला मुद्दाम दाट तेल ओतणारेही आहेत. त्याने आवाज थोडा दबतो. पण थंडीत गिअर पडायला त्रास होतो, रिंगा नीट पकड घेत नाहीत आणि झिजलेलं बेअरिंग झिजलेलंच राहतं. डिफरन्शियलसाठी असलेल्या जीएल-५ तेलातली काही रसायनं पितळेला बाधतात, म्हणून पितळी रिंगा असलेल्या बॉक्समध्ये मॅन्युअल सांगत नसेल तर ते टाकू नये.

तेल कमी निघालं, पण तुकडे नाहीत? मग योग्य तेल भरा, गाडी थोडी चालवा, आणि वहीतल्या चाचण्या पुन्हा करा. आवाज बराच कमी झाला तर नशीब चांगलं. तीन बुचं बदलून घ्या. त्या मापाची धातूची बुचंही मिळतात. बॉक्सची मागची बाजू थोडी खाली घेऊन हे काम होतं, पूर्ण उतरवावं लागत नाही. मात्र एकदा झिजलेलं बेअरिंग तेलाने बरं होत नाही. आवाज तसाच राहिला, तर आता काय बिघडलंय हे तुमच्या वहीत लिहिलेलं असेल.

मुलाला दोन शब्द

अरे, "मी स्वतः उघडतो" म्हणालास, ते मला आवडलं. पण यात दोन वेगळी कामं आहेत. बॉक्स खाली उतरवून क्लचचं काम करणं हे धीराचं काम आहे. तुझ्यासारख्याला अनुभवी माणसाबरोबर ते एका शनिवार-रविवारी जमू शकतं. बॉक्सचं पोट उघडून बेअरिंग बदलणं वेगळं. त्याला प्रेस लागतो, पुलर लागतात, शाफ्टची आतली सैलाई मोजून पातळ चकत्या घालाव्या लागतात. पहिल्या वेळी हे काम तज्ज्ञाकडे द्यावं. बॉक्स तू उतरवून त्यांच्याकडे नेऊन दिलास, तरी मजुरीचा मोठा भाग वाचतो.

हा बॉक्स साधारण शंभर पौंडांचा आहे. झोपून, हातांवर तोलून तो उतरवायचा नाही. ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो. ट्रक नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. चार मजबूत स्टँड, काँक्रीटची जमीन, आणि खाली शिरण्याआधी ट्रकला जोरात धक्का देऊन पाहायचा. चालू इंजिन असताना खाली शिरायचं नाही. घरात कोणी नसताना काम करायचं नाही. आणि गाडी ओढून न्यायची वेळ आली तर पूर्ण गाडी वर घेणारा ट्रकच बोलाव. मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढलं तर इंजिन बंद असल्याने काउंटरशाफ्ट फिरत नाही, तेल वर उडत नाही आणि मेनशाफ्ट कोरडा फिरत राहतो.

वडिलांना दोन शब्द

दादा, भंगाराचं तुमचं म्हणणंही मोडीत काढत नाही. फक्त गिअरबॉक्सच्या आधी चासिस बघा. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकत असतील, तर लोखंड आतून सडतं. मागच्या स्प्रिंगच्या आधारांजवळ आणि बॉक्सच्या खालच्या आडव्या पट्टीजवळ हातोडीने ठोकून पाहा. टणटणीत आवाज आला तर चांगलं. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले किंवा भोक पडलं, तर तुम्ही जिंकलात. त्या ट्रकवर एक डॉलरही घालू नका.

चासिस शाबूत असेल, तर दुरुस्तीच्या खर्चाची तुलना ट्रकच्या बाजारभावाशी करू नका. तेच काम करणारी दुसरी गाडी घ्यायला किती लागतील, तिचा विमा किती, आणि तिच्या पोटात काय दडलंय हे कोणाला ठाऊक, याच्याशी करा. या ट्रकचा निदान आजार तरी माहीत असेल. अमेरिकेतल्या कारखान्यातून ही जुनी रेंजर २०११ च्या डिसेंबरपर्यंत निघत होती, त्यामुळे सुटे भाग आणि वापरलेले बॉक्स अजून मिळतात. वापरलेला बॉक्स घेताना इंजिन कोणतं, टू व्हील की फोर व्हील ड्राइव्ह, हे जुळवून घ्या. बसवण्याआधी त्याची तीन बुचं आणि मागचं सील बदला. नाहीतर तेच दुखणं नव्या बॉक्सबरोबर घरी येईल.

आणि गॅरेजला जाताना वही घेऊन जा. तीन प्रश्न विचारा: तेल किती निघालं आणि त्यात काय होतं? चौथ्या गिअरमध्ये आवाज येतो का? क्लच दाबल्यावर काय होतं? याची नीट उत्तरं देणाऱ्या मिस्त्रीने "बॉक्स बदला" म्हटलं, तर त्याचं ऐका. ज्याने गाडी चालवूनही पाहिली नाही, त्याच्याकडून किल्ली परत घ्या आणि दुसऱ्याचं मत घ्या.

पुढच्या अंकात हिवाळ्याआधी बॅटरी कशी तपासायची ते पाहू. प्रश्न नेहमीप्रमाणे मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. गाडीचं वर्ष, मैल आणि आवाज नेमका केव्हा येतो, एवढं जरूर लिहा. ताई, तुमच्या वहीची पानंही पाठवा, कोणाच्याही अक्षरातली चालतील.